वस्ती विकत मिळत नाही

ज्या पतिपत्नींना अपत्य नाही त्यांनी आपले घर कोठे करावे, हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकात चर्चा करण्याजोगा नाही असे काहींना वाटेल. जागा पसंत करावी, ऐपत पाहावी, खरेदीखत करावे. यात राजकारण कसले? परंतु जे प्रश्न अत्यंत खाजगी म्हणून बाजूला सारले जातात, त्यांतच समाजरचनेचे दोष अधिक स्पष्ट दिसतात. हा प्रश्न त्यांपैकीच एक आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीसारख्या महामार्गावरील गावाचे उदाहरण घ्या. अशा गावातील निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जोडपे नांदुरा, मलकापूर वा खामगाव या शहरांच्या कडेला पडलेल्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेण्याचा विचार करते. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडले तर कोणी कारण विचारत नाही. अपत्यहीन जोडप्याला मात्र, "तुम्हाला कशाला हवे शहर?" असे विचारले जाते. वस्तुतः कारण उघड आहे. म्हातारपणी दवाखाना जवळ असावा, रात्री-अपरात्री कोणी हाकेला यावे, आणि बारशाच्या वा डोहाळजेवणाच्या प्रसंगी बायकोला मागच्या रांगेत बसविणाऱ्या नजरांपासून सुटका व्हावी. आपल्या भाषेत अशा माणसाला 'निपुत्रिक' म्हणतात. शोक आहे तोही पुत्र नसल्याचाच. कन्येची उणीव त्या शब्दाच्या खिजगणतीत नाही.

असे जोडपे ले-आऊटमध्ये जाते तेव्हा नेमके काय विकत घेते, हे प्रथम पाहिले पाहिजे. कालपर्यंत जेथे कपाशी वा ज्वारी उभी होती ती जमीन अकृषक होते, चुन्याच्या रेघा पडतात आणि एकराचा हिशेब चौरस फुटावर येतो. ही किंमत जमीनमालकाच्या किंवा प्लॉट पाडणाऱ्याच्या श्रमांतून निर्माण झालेली नसते. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. पूर्वी ६ आणि आता ५३ हा क्रमांक असलेला राष्ट्रीय महामार्ग सरकारी पैशाने बांधला गेला. तहसील कचेरी, सरकारी रुग्णालय, एस. टी. स्थानक, शाळा आणि नळयोजना ही सारी सार्वजनिक खर्चाची व असंख्य माणसांच्या कष्टांची निर्मिती. तिच्यामुळे जमिनीचे जे मोल वाढते त्याला जॉन स्टुअर्ट मिलपासून अर्थशास्त्रज्ञ 'अनर्जित वाढ' म्हणत आले आहेत. ती समाजाने निर्माण करावयाची आणि मालकाने खिशात घालावयाची, असा हा व्यवहार आहे. मोठ्या नागरी समूहांपुरता का होईना, शहरी जमिनीच्या मक्तेदारीला आळा घालण्यासाठी १९७६ साली कमाल नागरी जमीनधारणा कायदा झाला. महाराष्ट्राने २००७ साली तोही गुंडाळला. लहान शहरांना तर अशा कायद्याचे संरक्षण कधी नव्हतेच.

आता या जोडप्याला व्यवहारचतुर मंडळी एक सल्ला देतात. तुम्हाला मुले नाहीत, तेव्हा चांगल्या शाळेजवळच्या महाग वस्तीत पैसे कशाला घालता? शाळा नाही तेथे जा, स्वस्त पडेल. हा सल्ला केवळ नाक्यावरचा नाही. त्याला पाश्चात्य अर्थशास्त्रात प्रतिष्ठा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ साली असे प्रतिपादन केले की, नागरिक आपल्या पसंतीच्या करांची व सेवांची नगरपालिका शोधत स्थलांतर करतात. म्हणजे जणू पायांनी मतदान करतात. वॉलेस ओट्स यांनी १९६९ साली न्यू जर्सीतील नगरांच्या अभ्यासातून दाखविले की, शाळांवरील खर्च घरांच्या किमतींत उतरतो. तेथे शाळांचा मोठा भार स्थानिक मालमत्ताकरावर असल्याने श्रीमंतांची उपनगरे आणि त्यांच्या उत्तम शाळा एकीकडे, गरिबांच्या वस्त्या व त्यांच्या मोडक्या शाळा दुसरीकडे, अशी फाळणी झाली. पायांनी मतदान करावयास भाड्याचे पैसे लागतात, हे त्या सिद्धांतात सोयीस्करपणे विसरले गेले.

आमच्या मते हा सल्ला हिशेबाच्याही कसोटीवर टिकत नाही. जेथे शाळा नाही तेथे तरुण कुटुंबे टिकत नाहीत. जेथे तरुण कुटुंबे नाहीत तेथे किराणा दुकान, दूधवाला, रिक्षा, औषधाचे दुकान यांचाही जम बसत नाही आणि एस. टी. थांबत नाही. सत्तरीतल्या माणसाला नेमक्या याच गोष्टी हव्या असतात. त्या वयात त्याला सुई टोचणारी परिचारिका, त्याच्या घरचा नळ दुरुस्त करणारा मिस्त्री आणि त्याला रुग्णालयात नेणारा चालक ही दुसऱ्यांचीच मुले असणार आहेत आणि ती कोठल्या तरी शाळेत शिकलेली असणार आहेत. नगरपरिषदेच्या हद्दीतील घरपट्टीच्या पावतीवर १९६२ च्या कायद्यान्वये शिक्षण कराची रक्कम असते. अपत्यहीन माणूस तो कर परोपकार म्हणून भरत नाही. स्वतःच्या वार्धक्याची तरतूद म्हणून भरतो. हद्दीबाहेर ले-आऊट पाडून शहराचे रुग्णालय व बाजार वापरावयाचे आणि शहराचे कर चुकवावयाचे, ही युक्ती म्हणूनच आत्मघातकी आहे.

शेजारची शाळा हा तर आपल्याकडे मान्य झालेला सिद्धांत आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेचा पुरस्कार केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील शेजारच्या मुलांसाठी राखल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द ठरविला. या लढ्यात पालकांच्या बरोबरीने मूल नसलेल्या नागरिकांनीही उतरावयास हवे. कारण वस्तीची फाळणी झाली की एकाकी माणूस सर्वांत आधी तुटतो.

कायदा या एकाकी माणसाकडे कसा पाहतो? आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा अपत्यहीन वृद्धाला आपल्या 'नातेवाइका'कडून निर्वाह मागण्याचा अधिकार देतो. पण नातेवाईक कोण? जो त्याच्या मालमत्तेचा ताबा बाळगतो किंवा त्याच्या मृत्यूनंतर ती ज्याला मिळणार, तो सज्ञान वारस! अर्थ सरळ आहे. ज्याच्याजवळ घर-शेत आहे त्याला कायद्याने नातलग आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला कोणी नाही. वडनेर भोलजीतील भूमिहीन मजूर जोडप्याला मूलही नसेल तर या कायद्याचे निर्वाहाचे कलम त्याच्यापुरते कोरेच राहते. उरते ती राज्याची मदत. तिचे नावही पाहा: श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. शासनाने मुलाची भूमिका पत्करली हे योग्यच. पण २०२३ साली या मुलाने आपला हात दरमहा १,५०० रुपयांपर्यंतच सैल केला. याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे एक तरी वृद्धाश्रम उभारण्याचे सुचविले, परंतु शासनावर तसे बंधन घातले नाही.

आणि निवडीचे हे स्वातंत्र्य तरी किती जणांना आहे? प्लॉट दाखविण्यापूर्वी आडनाव विचारले जाते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, संस्थेला आपले सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते, असा निर्वाळा दिला. दलित वा मुसलमान जोडप्याच्या दृष्टीने 'वस्तीची निवड' म्हणजे बहुधा वस्तीनेच केलेली निवड असते. नांदुरा तालुक्यातील जिगाव प्रकल्पात ज्यांची गावे जात आहेत, त्यांना तर निवड हा शब्दही क्रूर वाटेल.

या महाराष्ट्रात एका अपत्यहीन जोडप्याने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सोयीची वस्ती शोधली नाही. जेथे राहिले ती वस्ती बदलली. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि पुढे एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, दत्तक घेतले. प्रत्येकाकडून तेवढ्या धैर्याची अपेक्षा करता येणार नाही. पण त्यांनी दाखविलेली दिशा चुकीची नाही.

तेव्हा अशा जोडप्याने आमचा सल्ला विचारला तर आम्ही म्हणू: भिंतीची उंची आणि कमान पाहू नका. पूर्णाकाठचा बराच मुलूख खारपाण पट्ट्यात मोडतो. म्हणून आधी पाणी चाखून पाहा. सरकारी रुग्णालयापर्यंत चालत जाऊन पाहा. सकाळी शाळेची घंटा ऐकू येते का, याकडे लक्ष द्या. ले-आऊटमधील खुली जागा कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे, याची चौकशी करा. आणि सर्व जातिधर्मांची माणसे जेथे राहतात तेथे राहा. संकटाच्या वेळी कोण धावून येईल हे आडनावावरून सांगता येत नाही.

कार्यकर्त्यांना मात्र एवढ्यावर थांबता येणार नाही. ले-आऊटमधील खुल्या जागा नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आणणे, हद्दीबाहेरच्या वसाहतींना शहराच्या खर्चात वाटा उचलावयास लावणे, वडनेर भोलजीसारख्या गावातच दवाखाना, शाळा आणि पाणी इतके सुस्थितीत ठेवणे की म्हातारपणी गाव सोडण्याची पाळी येऊ नये, आणि वृद्धापकाळाचे वेतन महागाईशी जोडून घेणे, ही कामे ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत लढवावयाची आहेत. पैशाने प्लॉट मिळतो, वस्ती मिळत नाही. ती सर्वांनी मिळून उभी करावी लागते आणि तिच्यात ज्याचे कोणी नाही त्याचा वाटा पहिला असला पाहिजे.