विश्लेषण : मुलांच्या चष्म्याचा दोष एकट्या मोबाइलचा?

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी उभे राहिले, की समोर वसईची खाडी पसरलेली दिसते. रेल्वेचे पूल, त्यावरून विरारकडे निघालेली लोकल, पलीकडे पाणजू बेटाची झाडी. नजर अडवायला मध्ये काही नाही. तिथून मीरा रोडच्या एखाद्या गजबजलेल्या गल्लीत आले, की हीच नजर समोरच्या इमारतीच्या ग्रिलवर जाऊन आदळते. पश्चिमेला उत्तनचा समुद्र, उत्तरेला खाडी, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. इतके क्षितिज महानगरातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले आहे. तरीही इथल्या मुलांचा दिवस हाताच्या अंतरावरच्या गोष्टी पाहण्यात जातो. वही, पुस्तक, मोबाइल, पुन्हा वही.

मग दुसरी-तिसरीत चष्मा लागतो आणि घरात निकाल तयार असतो : ‘मोबाइलमुळे झाले.’ हा निकाल पूर्ण चूक नाही, पण अर्धवट आहे. आणि सोयीचाही आहे, कारण दोष मुलावर आणि त्याच्या आईवर ढकलला की शाळा आणि महापालिका दोघीही मोकळ्या होतात.

लांबचे धूसर का दिसते?

जन्मतः बाळाचे बुबुळ ते पडदा हे अंतर साधारण 17 मिलिमीटर असते. मोठेपणी ते 24 मिलिमीटरच्या आसपास पोहोचते. म्हणजे उंचीप्रमाणे डोळाही वाढतो. समोरून आलेला प्रकाश नेमका पडद्यावर एकवटावा, इतकीच ही वाढ व्हायला हवी. डोळा गरजेपेक्षा लांब झाला, तर लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर पोहोचेपर्यंत पसरते. हा लघुदृष्टिदोष, म्हणजे उणे नंबर. केवळ 1 मिलिमीटर जादा लांबीने अडीच ते तीन नंबर लागतो. एकदा लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. गाजर खाऊन नाही, डोळ्यांचे व्यायाम करूनही नाही. ‘नंबर घालवून देतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींकडे पाहताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

यातली अवघड बाब अशी, की मुलाला हे कळतच नाही. फळा धूसरच असतो, झाड म्हणजे हिरवा ढीगच असतो, असे ते धरून चालते. सगळ्यांना तसेच दिसत असणार, मग तक्रार कशाची करायची? ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि बाई म्हणतात, लक्ष नाही. अशी कित्येक मुले ‘ढ’ ठरून मागच्या बाकावर जातात, जिथून फळा आणखीच दिसत नाही.

मग मोबाइल निर्दोष?

नाही. तासन्तास जवळून पाहणे आणि लघुदृष्टी यांचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. पण सिडनी आणि सिंगापूरमधील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. सिंगापूरच्या मुलांमध्ये लघुदृष्टीचे प्रमाण 29.1 टक्के, सिडनीत अवघे 3.3 टक्के. वंश एकच आणि आईवडिलांच्या चष्म्याचे प्रमाणही जवळपास सारखे. सिडनीची मुले तर आठवड्याला पुस्तके जास्त वाचत होती. मोठा फरक होता घराबाहेर घालवलेल्या वेळेत : सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन.

चीनमधील ग्वांगझूच्या बारा शाळांत मग थेट प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा मैदानावर नेले. तीन वर्षांनी या शाळांत 30.4 टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती, उरलेल्या शाळांत 39.5 टक्के. औषध नाही, यंत्र नाही, फक्त 40 मिनिटे वर्गाबाहेर. तैवानने 2010 पासून रोज दोन तास बाहेर हे शाळांचे धोरणच केले. तिथे प्राथमिक शाळेतील कमी दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण दशकभर चढत 2011 मध्ये 50 टक्क्यांवर गेले होते. ते 2015 पर्यंत 46 टक्क्यांपर्यंत खाली आले. घट छोटी आहे. पण चढती रेषा वळली, ही गोष्ट छोटी नाही.

उजेडाने काय होते?

वर्गातल्या ट्यूबलाइटचा उजेड तीनशे ते पाचशे लक्स. बाहेर झाडाच्या सावलीतही तो कित्येक हजार लक्स असतो, भर उन्हात लाखापर्यंत जातो. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली आकुंचन पावते आणि मेंदू बाकीचे सांभाळून घेतो. डोळ्याच्या पडद्याला मात्र तो कळतो. भरपूर उजेडात पडद्यात डोपामाइन हे रसायन अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. थोडक्यात, मुलाने सूर्याकडे पाहायचे नाही (तसे कधीच पाहू नये) आणि कोकणपट्टीच्या एप्रिलमधल्या बारा वाजताच्या उन्हात तळूनही निघायचे नाही. सकाळी, चारनंतर, झाडाखाली चालते. पावसाळ्यातली ढगाळ दुपारही वर्गापेक्षा उजळ असते.

अडचण कुठे?

मीरा-भाईंदर 1985 मध्ये नगर परिषद झाले, 2002 मध्ये महापालिका. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. मिठागरे आणि भातशेतीच्या शेजारी इमारती अशा वेगाने उभ्या राहिल्या, की मधली मोकळी जागा उरली ती गाड्यांसाठी. संकुलाच्या आवारात ‘येथे खेळू नये’ ही पाटी असते आणि तिच्याखाली दोन रांगांत दुचाकी. अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. शारीरिक शिक्षणाची तासिका वेळापत्रकात असते, पण चाचणी जवळ आली की ती गणिताला जाते. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटेपर्यंत अंधार. अशा दिवसात मोबाइल काढून घेतला तरी मूल उजेडात कुठे जाणार, हा प्रश्न राहतोच.

तपासणीतही खाच आहे. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत जाऊन मुलांची तपासणी होते, त्यात दृष्टीही पाहिली जाते. पण हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. खासगी, विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जाणारी मुले त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे डोळे तपासायचे की नाही, हे शाळेच्या मर्जीवर. दरमहा हजारो रुपये फी भरणाऱ्या पालकाला याची कल्पनाही नसते.

जूनमध्ये शाळा उघडताना प्रत्येक शाळेने, मग ती कोणाचीही असो, मुलांची नजर तक्त्यावर तपासावी, अशी सक्ती करणे महापालिकेला जड नाही. सहा मीटरवर तक्ता टांगायला खर्च तो काय? मैदानाची तासिका परीक्षेच्या नावाखाली गिळू द्यायची नाही, हा आग्रह पालकसभेत धरता येतो. मैदानच नसलेल्या शाळेला परवानगी देताना मात्र प्रश्न पालिकेला आणि शिक्षण विभागाला विचारावा लागेल. उद्यानांच्या वेळांचाही विचार व्हावा. दुपारी चारला, मूल मोकळे असते तेव्हा, फाटकाला कुलूप असण्यात अर्थ नाही.

चष्मा लागलाच तर?

बाहेरच्या उजेडाचा मुख्य फायदा चष्मा लागण्याआधी आहे. लागल्यानंतर नंबर वाढण्याचा वेग त्याने किती कमी होतो, याबाबत पुरावा तितका ठाम नाही. त्यासाठी अट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास बनावटीच्या काचा हे उपाय नेत्रतज्ज्ञ सुचवतात. ते त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायचे. नंबर सहाच्या पुढे गेला, तर पुढे पडदा सुटणे, काचबिंदू यांचा धोका वाढतो, म्हणून वेग रोखणे महत्त्वाचे.

चष्मा लावल्याने डोळे ‘सवयीचे गुलाम’ होत नाहीत. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्याने नंबर आटोक्यात राहतो, हा समजही खोटा ठरला आहे. तरी मुलगी असली की ‘लग्नात अडचण येईल’ म्हणून चष्मा कपाटात राहतो, मुलगा असला की वर्गातल्या ‘ढापण्या’च्या हाकेला भिऊन तो दप्तरात राहतो.

घरी एक गोष्ट आजच करता येईल. गॅलरीत मुलाला उभे करून एक डोळा तळहाताने झाकायला सांगावा आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचून घ्यावी. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून ही खबरदारी. एका डोळ्याने पाटी अडखळली, तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुर्लक्षित डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू हळूहळू वापरेनासा होतो आणि त्यावरचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तरच सर्वाधिक उपयोगी पडतात.