गणेशपुरीला कोण गेले, याची नोंद कशाला?

भिवंडीहून गणेशपुरीला जाणाऱ्या एसटीत नित्यानंद बाबांच्या समाधीला निघालेले भाविक असतात, गरम पाण्याच्या कुंडात दुखरे गुडघे शेकायला जाणारे म्हातारे असतात, बाजार आटोपून पाड्याकडे परतणाऱ्या बायका असतात. कंडक्टर आधार कार्डावरचे जन्मसाल बघतो, कार्ड परत देतो आणि सवलतीचे तिकीट फाडतो. वय पटले, काम संपले. तिकीट कोणाच्या हातात गेले, हे यंत्राला ठाऊक नसते.

स्मार्ट कार्ड ते ठाऊक करून देते. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी आधारशी जोडलेले असे कार्ड एसटीने 2019 मध्ये आणले. पुढे करोनाच्या काळात ते काढून घ्यायला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. हेतू खोटा नव्हता. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट. या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते, म्हणजे पैसा लोकांचाच. वय फुगवून फुकट फिरणाऱ्यांना चाप बसायलाच हवा. पण भरपाईच्या हिशेबाला आकडा लागतो. कोण कुठे उतरले, हे लागत नाही.

नावे गाळून नुसते क्रमांक ठेवले तरी भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2018 मध्ये ‘मायकी’ या प्रवासी कार्डांच्या तीन वर्षांच्या नोंदी एका स्पर्धेसाठी दिल्या. कार्डे दीड कोटींहून अधिक, नाव एकाचेही नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातून आधी स्वतःचा प्रवास हुडकला, मग सहकाऱ्याचा आणि शेवटी एका आमदाराचाही. आमदाराने आपल्या प्रवासाविषयी ट्विटरवर जे लिहिले होते, तेवढा धागा पुरला. महानगरातली ही गत, तर मोजक्या फेऱ्यांच्या गावात काय? दर गुरुवारी पहिल्या गाडीने येणारा क्रमांक कोणाचा, हे थांब्यावरचा चहावालाही सांगेल. समाधीची वारी श्रद्धा सांगते, कुंडाची वारी दुखणे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. पुढच्याच वर्षी सरकारी लाभांसाठी आधारची सक्ती मात्र न्यायालयाने मान्य केली, आणि 2023 च्या विदा संरक्षण कायद्यानेही सवलती व सेवांच्या नावाखाली सरकारला बरीच मोकळीक ठेवली. तेव्हा लगाम एसटीने स्वतःच घालून घ्यायचा आहे.

तो अवघड नाही. लंडनची परिवहन संस्था आठ आठवड्यांनंतर प्रवासाची नोंद आणि प्रवाशाची ओळख यांची फारकत करते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनेच सार्वजनिक वाहतुकीसाठी केवायसीविना, 3,000 रुपयांच्या मर्यादेचे कार्ड देण्यास मुभा दिली आहे. पूर्ण भाडे भरणाऱ्याकडे नाव मागण्याचे कारणच उरत नाही. सवलतीच्या कार्डात वयोगट तेवढा असावा, प्रवासाची नोंद त्याला चिकटू नये. नोंदी किती दिवस ठेवणार आणि पोलिसांना कोणत्या आदेशावर दाखवणार, हे कार्डाची यंत्रणा चालवणाऱ्या ठेकेदाराच्या करारात लिहावे आणि प्रत्येक आगारात मराठीत लावावे. कार्ड घरी राहिलेल्या आजीबाईला जन्मसाल दाखवून सवलत मिळत राहील, हेही त्याच फलकावर असावे.