तुम्ही आतून हळवे आहात, हो ना?

खालचा मजकूर जरा लक्ष देऊन वाचा. ‘तुम्ही वरवर बिनधास्त वाटता, पण कुणी टोचून बोललं की ते दिवसभर डोक्यात घोळत राहतं. ग्रुपमध्ये तुम्ही धमाल करता, तरी अधूनमधून एकटं राहावंसं वाटतं. तुमच्यात बरंच काही करून दाखवायची ताकद आहे, पण तशी संधी अजून मिळालेली नाही.’

पटलं? ‘अरे, हे तर डिट्टो मीच!’ असं वाटलं असेल तर अभिनंदन. शेजारच्या क्यूबिकलमधल्यालाही अगदी असंच वाटतंय. हा मजकूर मी चहा पिता पिता पाच मिनिटांत खरडलाय, आणि तुम्हाला मी ओळखतही नाही.

१९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हाच खेळ आपल्या ३९ विद्यार्थ्यांबरोबर शिस्तीत खेळला. आधी त्यांच्याकडून एक पर्सनॅलिटी टेस्ट भरून घेतली. आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ विश्लेषण ठेवलं आणि सांगितलं, किती जुळतंय ते बघून पाचपैकी मार्क द्या. सरासरी आली ४.२६! मग बिंग फुटलं. सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, आणि त्यातली वाक्यं फोररनं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

सायकॉलॉजी म्हटलं की आपल्याला कोच, फ्रॉइड आणि ‘तुमच्या बालपणाविषयी सांगा’ एवढंच आठवतं. पण या विषयाची अर्धी मेहनत भलत्याच ठिकाणी खर्च होते. माणूस स्वतःला फार सहज गंडवतो, मग त्याला गंडवून घ्यायची संधीच मिळू नये अशी व्यवस्था कशी करायची? निरीक्षण, प्रश्नावली, मुलाखत, प्रयोग... पद्धत कुठलीही घ्या, दुखणं हेच.

आपल्या नंदीबैलाचा एक जर्मन भाऊ या विषयात फार फेमस आहे. ‘पाऊस पडेल का?’ विचारलं की आपला नंदी गुबूगुबू मान हलवतो, मालकाच्या हातातली दोरी आपल्याला दिसत नाही. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा तर बेरजा-वजाबाक्या करायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. मालकाची लबाडी शोधून सापडेना. शेवटी १९०७ च्या सुमारास ऑस्कर फुंग्स्टनं एक साधी युक्ती केली. ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही, अशा माणसाला प्रश्न विचारायला लावलं. झालं, घोडा नापास! उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची आणि घोडा तेवढं टिपायचा. दोरी होती, फक्त मालकालाही ती ठाऊक नव्हती. तेव्हापासून हा धडा पक्का झाला : विचारणाऱ्यालाही उत्तर माहीत नसलेलं बरं. यालाच पुढे ‘डबल ब्लाइंड’ म्हणायला लागले.

हाच फंडा वापरून पुण्यात २००८ साली एक भन्नाट चाचणी झाली. आपल्या पिढीला ती फारशी माहीत नाही, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंनिसचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास करून त्याची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे असे चौघे एकत्र आले. प्रश्न एकच : पत्रिका बघून मुलाच्या बुद्धीबद्दल काही सांगता येतं का?

प्रश्नाची निवड बघा. ‘भाग्योदय कधी?’ विचारलं असतं तर उत्तर कसंही वळवता आलं असतं. भाग्योदय म्हणजे प्रमोशन की टू-व्हीलर, ते तुम्हीच ठरवा! म्हणून त्यांनी १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं घेतली. शाळाशाळांतून त्यांच्या जन्माचे तपशील गोळा केले, पत्रिका मांडल्या आणि नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाकले. कुठला क्रमांक कुणाचा, ही किल्ली संख्याशास्त्र विभागात बंद. म्हणजे पाकीट पाठवणाऱ्यालाही आत कुणाच्या पत्रिका आहेत ते कळू नये. घोड्याचा धडा!

प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पत्रिका गेल्या. नुसतं नाणं उडवलं तरी चाळीसपैकी वीसेक बरोबर येणारच. त्यामुळे यशस्वी म्हणायला २८ हवेत, असं आधीच ठरवलेलं होतं. हे ‘आधीच’ महत्त्वाचं. निकाल बघून पासिंगचे मार्क ठरवायचे नसतात. (आमच्या इंटर्नल्सना चालायचं, तो भाग वेगळा.)

५१ ज्योतिषांनी भाग घेतला, उत्तरं पाठवली २७ जणांनी. सगळ्यांची मिळून अचूकता ४६ टक्के. सर्वांत जास्त मार्क २४. आता २४ ऐकून कुणी म्हणेल, बघा, एकाला तरी जमलं! तर तसं नाही. २७ जणांना चाळीस-चाळीस वेळा नाणं उडवायला लावलं, तरी त्यांतल्या एखाद्याला २४ मिळणं अगदी साहजिक आहे. अमेरिकेत १९८५ साली शॉन कार्लसननं ‘नेचर’मध्ये अशीच एक डबल ब्लाइंड चाचणी छापली होती. तिथे पत्रिका आणि पर्सनॅलिटी टेस्टचा निकाल यांच्या जोड्या लावायच्या होत्या. ज्योतिषांची मजल तुक्क्याच्या पुढे गेली नाही.

पुण्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले. चाचणीवर शंका घेता येतात, घ्यायलाही हव्यात. एवढंच सिद्ध झालं की बुद्धीबद्दलचा दावा टिकला नाही. लग्न, नोकरी, परदेशयोग यांची परीक्षा अजून व्हायचीय. पण ती घ्यायची कशी, याचा नमुना तयार आहे. पुढे २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यातच गोळ्या घालून खून झाला. नारळीकर २० मे २०२५ ला गेले.

लग्नावरून आठवलं. माझी एक मावसबहीण जाफराबादची. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पलीकडे बुलढाणा जिल्हा. ताईचं बी.ए.ला सायकॉलॉजी होतं, आता शाळेत शिकवते. दोन स्थळं तिच्या मंगळावरून फिरली. तिसऱ्या वेळी घरात तोच विषय निघाला, तेव्हा मामांनी नेहमीचा दाखला दिला, ‘अमक्यानं मंगळ बघितला नाही, आणि वर्षात काय झालं बघितलंस ना?’ ताईनं समोर पडलेल्या लग्नपत्रिकेच्या मागे चार चौकटी काढल्या. पत्रिका जुळवली आणि संसार बरा चालला. जुळवली आणि मोडला. न जुळवता बरा चालला. न जुळवता मोडला. ‘मामा, तुम्ही चौथ्या चौकटीतलं एक नाव सांगितलंत. बाकीच्या तिन्ही चौकटींत आपल्या गावातली किती माणसं येतात, मोजू या का?’

मामा मोजायला बसले, हे विशेष. दुसऱ्या चौकटीत तीन नावं झाल्यावर पाणी आणायला उठले! त्या स्थळाकडून शेवटी नकारच आला. पण त्यानंतर घरात मंगळाचं नाव निघालं की ताई आधी पेन मागते.

पद्धत म्हणून बघाल तर त्या चार चौकटी आपल्या सगळ्यांच्या कामाच्या आहेत. ‘आमच्या कंपनीत टेस्ट घेऊन निवडलेले लोक जबरदस्त निघाले’ असं एचआर म्हणतं, तेव्हा त्यांच्याकडे फक्त पहिली चौकट असते. टेस्टमध्ये नापास होऊन परत गेलेले दुसरीकडे काय दिवे लावताहेत, ते कुणीच बघितलेलं नसतं.

पूर्वी रेल्वे स्टेशनवर वजनाचं मशीन असायचं, आठवतंय? लाल-पिवळे दिवे, एक रुपया, आणि खटकन बाहेर पडणारं कार्ड. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. कार्ड एकच, पण मोजलेलं असायचं फक्त वजन. ऑफिसातल्या बऱ्याच पर्सनॅलिटी टेस्ट या दुसऱ्या बाजूच्या असतात असा माझा दाट संशय आहे. ती चार अक्षरांचा ‘टाइप’ देणारी मायर्स-ब्रिग्ज घ्या. बनवली एका आई-मुलीनं, दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं. काही आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा टाइप बदलतो. सकाळ-संध्याकाळ वेगळं वजन दाखवणारा काटा आपण किराणा दुकानातही चालवून घेत नाही. विकणारी कंपनी स्वतःच सांगते, की नोकरीसाठी निवड करायला ती वापरू नका. तरी वापरतात!

आणि प्रश्न कुणासाठी लिहिलेत? ‘पार्टीत अनोळखी लोकांशी तुम्ही सहज बोलता का?’ जाफराबादमध्ये लहानाची मोठी झालेली मुलगी पार्टी म्हणजे काय समजणार? लग्नघरी पंगतीत अनोळखी दोनशे जणांना आग्रह करकरून वाढते ती, पण इथे टिक करणार ‘नाही’वर. लगेच शिक्का, इंट्रोव्हर्ट. हे दुखणं आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. १९३० च्या दशकात धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्यानं बेतली, आपल्याकडच्या मुलांवर घासूनपुसून घेतली. बिने-कामत टेस्ट म्हणतात ती हीच.

सायकॉलॉजीवाले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? २०१५ मध्ये त्यांच्यातल्याच लोकांनी नामांकित जर्नल्समधले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. जेमतेम एक तृतीयांश अभ्यासांचे निकाल पुन्हा तसेच आले. पेपरात ठळक मथळे मिळवलेले कित्येक सिद्धान्त डळमळले. फरक इतकाच, की ही झाडाझडती त्यांनी स्वतःच घेतली आणि छापलीही. प्रयोगाआधीच अंदाज जाहीर नोंदवून ठेवायची पद्धत त्यानंतर जोरात सुरू झाली.

तर पुढच्या अप्रेझलच्या आधी इनबॉक्समध्ये टेस्टची लिंक आली, की भरा बापडे, नोकरी करायचीय. पण सोबत एचआरला नम्रपणे एक मेल टाका : ही टेस्ट महिन्यानं पुन्हा दिली तर निकाल तोच येतो का? भारतातल्या किती लोकांवर तपासलीय? आणि नापास झालेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणी पाहिलंय का? उत्तर आलं तर मला जरूर कळवा, ताईला फॉरवर्ड करते.