पासंग

धनत्रयोदशीला खामगावच्या चांदीच्या पेढीवर जाणते गिऱ्हाईक काय करते, ते पाहा. वजन पारड्यात पडण्यापूर्वी ते म्हणते, "शेठजी, आधी रिकामा काटा दाखवा." पासंग नाही ना, याची खात्री झाल्यावाचून ते थैलीला हात लावीत नाही. चांदी घेताना इतके चोख असणारे आपण ज्ञान घेताना मात्र मुद्दाम पासंग लावतो, आणि तो लावण्याचे शिक्षण मुलांना शाळेतच देतो, असा माझा आरोप आहे. सणाच्या दिवसांत आरोप गोड लागणार नाही. पण पहिला आरोपी मी स्वतःच आहे, तेव्हा वाचकांनी ऐकून घ्यावे.

मी मॅट्रिक झालेला मराठीचा मास्तर. विज्ञानाचे गुरुजी रजेवर असले, की त्यांचा तास माझ्याकडे येतो. अशाच एका तासाला मुलांनी पाणी उकळून तापमापक पाहिला. साऱ्या वह्यांत १०० अंश. एका मुलीच्या वहीत तेवढे ९८. मी पुस्तक पाहिले आणि तांबड्या शाईने फुली मारली. पोर काही बोलली नाही; पुढच्या खेपेस तिनेही १०० लिहिले. फार उशिरा मला उमगले, की बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्या दोन अंशांत आमचा सगळा घाट मावला होता, आणि मी त्यावर फुली मारली होती.

"दोन अंशांनी असे काय बिघडते?" असे विचारणारे व्यवहारी गृहस्थ आहेत. त्यांना एक जुनी हकिगत सांगतो. इंग्लंडात लॉर्ड रॅले यांना हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्यापेक्षा शंभरात अर्धा भाग जड भरला. त्यांनी तो फरक झटकला नाही. रॅमसे यांच्यासह शोध घेता १८९४ साली त्यातून आर्गॉन हा नवाच वायू निघाला. आणि याच आर्गॉनाच्या मोजणीने आपल्या लोणारच्या विवराचे वय ठरवले गेले: पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानलेले ते सुमारे ५ लाख ७० हजार निघाले, मागेपुढे ४७ हजार. अर्ध्या टक्क्याचा हिशेब असा आपल्या दारापर्यंत येतो!

आता अलीकडचे उदाहरण. सूर्यात हायड्रोजन जळण्याची पहिली पायरी ज्या क्षीण बलामुळे घडते, त्याचा वाहक म्हणजे डब्ल्यू नावाचा कण. त्याचे वजन किती असावे, हे सिद्धांतावरून काढता येते. प्रत्यक्ष वजन निराळे भरले, तर कोणीतरी अज्ञात कण पडद्याआड आहे असे समजावे. अमेरिकेतील फर्मीलॅबमधील सीडीएफ या प्रयोगाने २०२२ साली, भारतीय वंशाचे आशुतोष कोतवाल यांच्या नेतृत्वाखाली, हे वजन जाहीर केले: ८०,४३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, मागेपुढे ९. सिद्धांत म्हणत होता ८०,३५७. फरक किलोभर चांदीत एक ग्रॅमहूनही कमी. पण काट्याची चूक त्याच्या आठव्या हिश्शाएवढीच! त्यासाठी त्यांनी सुमारे बेचाळीस लाख कण तपासले. आणि गणित पुरे होईपर्यंत उत्तरात एक गुप्त संख्या मिसळून खरा आकडा स्वतःपासूनच लपवला. हाही एक पासंगच. पण मनातला पासंग निघावा म्हणून लावलेला.

मग वर्तमानपत्रांनी सिद्धांत कोसळल्याची दवंडी पिटली. २०२४ साली युरोपातील सर्न येथील सीएमएस प्रयोगाने ८०,३६० हा आकडा दिला, मागेपुढे १०. तो सिद्धांताशी जुळला. तेव्हा तीच मंडळी म्हणाली, "पाहा, शास्त्रज्ञांचेही चुकते!" माझे भांडण या दोन्ही आरोळ्यांशी आहे. पहिली पुस्तक फाडते, दुसरी वही फाडते. मोजणाऱ्यांनी मात्र दोन्ही वह्या जपल्या आहेत. कोणी कोणाचा आकडा खोडला नाही. दोहोंत तफावत का, हे मात्र उलगडायचे आहे.

वर्गात मीही तेच करायला हवे होते. ९८ वर फुली नको होती आणि हारही नको होता. तापमापक वितळत्या बर्फात धरायचा, तो शून्य दाखवतो का पाहायचे. दुसरा आणायचा, पुन्हा पाणी उकळायचे. एवढे करूनही ९८ च आले, तर पुस्तकाला विचारायचे, "बाबा रे, तू कोठल्या गावचे पाणी उकळले होतेस?" पण आपण प्रयोगाला गुण देत नाही, जुळवाजुळवीला देतो, आणि पुढे हीच मुले मोठी होऊन कचेरीत हिशेब जुळवू लागली, की कपाळाला हात लावतो.

आईबापांनो, या दिवाळीत मुलाने पुस्तकाहून निराळे काही मोजून आणले, तर त्याला दटावू नका. त्याच्याबरोबर एकदा पुन्हा मोजा.

आणि त्या मुलीच्या हाती हा अंक कधी पडला, तर तिला सांगायचे आहे: बाई, तुझे ९८ बरोबर होते. गुण देणे आता माझ्या हाती नाही. फुली मात्र मी परत घेतो.