नव्या मालाचा आधीच बोभाटा नको

व्यापारी बंधूंनो, सणाच्या तोंडावर आपल्या वर्धा-हिंगणघाटच्या कापडबाजारात एक खोड दिसते. जुना माल दुकानात पडून असतो आणि दुकानदार सांगतो, "पुढच्या आठवड्यात नवे डिझाइन येतेय." गिऱ्हाईक तिथेच हात आखडते.

या खोडीचा मोठा दाखला संगणकाच्या धंद्यात आहे. तामिळनाडूत बालपण गेलेल्या अ‍ॅडम ऑस्बोर्न यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत उचलून नेता येणारा संगणक विकायला आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंची, किंमत १७९५ डॉलर. हिशेबाचे व लिखाणाचे प्रोग्राम त्याच किमतीत मिळत. माल धडाक्यात खपला.

१९८३ मध्ये मात्र सुधारित मॉडेल हाती येण्याआधीच त्याचा गाजावाजा झाला. विक्रेत्यांनी जुन्याची मागणी रोखली. त्याच वर्षी कॉम्पॅकने आयबीएमचे प्रोग्राम चालणारा, असाच उचलून नेण्याजोगा संगणक बाजारात उतरवला. सप्टेंबरात ऑस्बोर्न कंपनीने दिवाळे काढले. स्पर्धा होतीच, पण स्पर्धेत टिकायला रोकड लागते, आणि मागणी थांबली की रोकड मालात अडकते. या प्रकाराला आजही 'ऑस्बोर्न परिणाम' म्हणतात.

आमचे मत स्पष्ट आहे. साडीसोबत फॉल-पिको त्याच किमतीत द्यावे. ती ऑस्बोर्न यांची चांगली शिकवण. पण नवा गठ्ठा दुकानात उतरेपर्यंत तोंड बंद ठेवावे. सुरत-भिवंडीचे देणे तारखेलाच द्यावे लागते. तिथे नव्या डिझाइनची बातमी चालत नाही.