नाताळचा ऊस, रँडचे सोने आणि ‘खुषीचा करार’

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासाविषयी सुशिक्षित मंडळींत एक मत फार प्रतिष्ठा पावलेले आहे. ते असे की, तेथील वर्णद्वेष हा बोअर शेतकऱ्यांच्या जुनाट धर्मसमजुतींचा अवशेष होता. भांडवलाला रंग नसतो, त्याला फक्त काम करणारे हात हवे असतात, आणि म्हणून मळे व खाणी यांना पूर्ण मोकळीक मिळाली असती तर वर्णभेद आपोआप गळून पडला असता. या मताला एक पोटमतही जोडलेले असते. हिंदुस्थानातून किंवा चीनमधून तेथे गेलेल्या मजुराला कोणी बेड्या घालून नेले नव्हते. मुदत, पगार व शिधा ऐकून घेऊन त्याने करारनाम्यावर अंगठा उठवला होता. असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना वर्णद्वेषाची मनापासून चीड असते, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा परामर्श काळजीपूर्वक घेतला पाहिजे.

१८६० च्या नोव्हेंबरात मद्रासहून निघालेले ‘ट्रूरो’ जहाज डरबनला लागले, आणि तेथून १९११ पर्यंत दीड लाखांहून अधिक हिंदी मजूर नाताळ वसाहतीत उतरले. ज्या भूमीत झुलूंची दाट वस्ती होती, तेथे समुद्रापलीकडून माणसे आणण्याची गरज मळेवाल्यांना का भासली? झुलू आळशी आहे, असे त्यांचे उत्तर होते. वस्तुतः झुलूजवळ जमीन होती, गुरे होती, आणि मळेवाला देऊ करीत असलेल्या पगारात त्याला स्वारस्य नव्हते. बाजाराचा न्याय खरोखरच चालला असता तर पगार वाढला असता. परंतु पगार वाढविण्याऐवजी मळेवाल्यांनी सरकारदरबारी अर्ज केले आणि ज्याला नकार देता येणार नाही असा मजूर मागून घेतला.

आता त्या खुषीच्या करारातील खुषी तपासू. मुदत पाच वर्षांची, पगार पहिल्या वर्षी दरमहा दहा शिलिंग. दोन समान पक्षांतला करार एकाने मोडला तर तो दिवाणी मामला होतो. येथे मात्र मजूर परवान्यावाचून मळ्याबाहेर पडला किंवा कामावर आला नाही तर तो फौजदारी गुन्हा ठरे व त्याची जागा तुरुंगात असे. मुदत संपल्यावर तरी तो मोकळा व्हावा! १८९५ च्या कायद्याने त्याच्यापुढे तीनच वाटा ठेवल्या: मायदेशी परत जावे, पुन्हा गिरमिट, म्हणजे मजुरीचा करारनामा, लिहून द्यावे, नाही तर दरसाल तीन पौंड कर भरावा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, अर्थात गिरमिटाच्या पहिल्या वर्षाच्या दराने सहा महिन्यांचा संपूर्ण पगार. पत्नीचा कर निराळा, आणि पुढे सोळा वर्षांवरील मुलाचा व तेरा वर्षांवरील मुलीचाही निराळा. एवढा वसूल खजिन्यात जमा होईल अशी आशा कोणी बाळगली असेल, हे मला पटत नाही. माणसाला पुन्हा मळ्याच्या हजेरीपटावर आणणे हाच त्या कराचा हेतू होता. गावापेक्षा चार पैसे अधिक मिळत होते, हे म्हणणे खरे धरले तरी त्यावरून गावातील उपासमारीचे माप निघते, नाताळच्या न्यायाचे नव्हे.

खाणींतही हाच बंदोबस्त होता. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत आफ्रिकी मजूर मुदतभर कुंपणाच्या वाड्यात कोंडलेला असे. हिरा बाहेर फेकला जाऊ नये म्हणून वर आकाशालाही तारेची जाळी मारलेली असे. १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने, वर्षातून तीन महिने जिल्ह्याबाहेर मजुरी न करणाऱ्या पुरुषावर दहा शिलिंगांचा कर बसविला. १९०४ पासून रँडच्या सोन्याच्या खाणींसाठी साठ हजारांवर चिनी मजूर आले, तेव्हा त्यांनी कोणकोणती कामे करू नयेत याची यादी कायद्यालाच जोडली गेली, आणि मुदतीनंतर त्यांची परत पाठवणीही सक्तीची झाली. हे सारे धर्मभोळ्या शेतकऱ्याने रचले, असे कसे म्हणावे?

पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण १९२२ चे आहे. त्या वर्षी खाणमालकांनीच गोऱ्या मजुरांची काही राखीव कामे काळ्यांना देऊ केली, आणि गोऱ्यांनी बंड केले. ही घटना खरी आहे. पण मालकांना महाग गोऱ्याच्या जागी स्वस्त काळा हवा होता. त्याचा परवाना, त्याचा कोंडवाडा व त्याचा तुटपुंजा पगार रद्द व्हावा असे त्यांनी कधी म्हटले नाही. अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्सन यांनी हिशेब मांडून दाखविले आहे की, सोन्याच्या खाणींतील आफ्रिकी मजुराचा रोख पगार, महागाई वजा जाता, १९६९ साली १९११ पेक्षा मुळीच अधिक नव्हता. अर्थात त्याच बंडावरून हेही उघड होते की, वर्ण हा केवळ मालकांनी पांघरलेला बुरखा नव्हता. गोऱ्या मजुराने त्यात आपला वाटा ओळखला होता व त्यासाठी तो रक्त सांडण्यास तयार होता.

माझे प्रतिपादन असे की, कोणाची जमीन काढून घ्यावी, कोणाचा करारभंग फौजदारी ठरवावा, आणि कोणाला एकट्या पुरुषाच्या पोटापुरते देऊन त्याच्या बायकामुलांचा व म्हातारपणाचा भार दूरच्या गावावर ढकलावा, हे वर्णावरून ठरत होते. आणि खाणीचा नफा याच ठरावावर उभा होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हे ओळखले होते. मजुरांना बरे वागवावे एवढीच विनंती करून ते थांबले नाहीत. १९१० साली त्यांनी हिंदुस्थानच्या कायदेमंडळात नाताळची भरतीच बंद करण्याचा ठराव मांडला, आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. १९१२ साली सारी गिरमिट पद्धतीच रद्द करण्याचा त्यांचा ठराव मात्र सरकारी मतांनी पाडला.

१९१३ च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींत व मागोमाग ऊसमळ्यांत हिंदी मजुरांनी संप केला, आणि १९१४ साली झालेल्या तडजोडीने तीन पौंडांचा कर उठला. आपल्याकडे हा विजय अभिमानाने सांगितला जातो, व तो तसा सांगावाही. पण त्याच १९१३ च्या जूनमध्ये संमत झालेला जमिनीचा कायदा आपल्या लेखनात सहसा आढळत नाही, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. ज्या झुलूजवळ जमीन होती म्हणून मद्रासहून माणसे आणावी लागली, त्याच्यासह साऱ्या आफ्रिकी प्रजेला त्या कायद्याने देशाच्या सुमारे सात टक्के भूमीत आखून टाकले व बाहेर जमीन विकत किंवा खंडाने घेण्यास मनाई केली. हिंदी लोकांशी झालेल्या तडजोडीने त्या कायद्याला स्पर्शही केला नाही. तो रद्द होण्यास १९९१ साल उजाडावे लागले.