तळं राखलं आम्ही, पाणी चाखलं कुणी?

मागल्या महिन्यात शाखेच्या बैठकीत एक साधा ठराव आला. वस्तीतली पोरं-पोरी, त्यांच्या आया, म्हाताऱ्या, जमतील तेवढी माणसं घेऊन एक दिवस तलावावर जायचं. झाडाखाली बसायचं. भाकरी खायची. ज्याला येतं त्यानं पोहायचं, ज्याला येत नाही त्यानं शिकायचं. संध्याकाळी घरी यायचं. बस्स.

तात्या उठले. शाखेतले सगळ्यात जुने कार्यकर्ते. म्हणाले, "चळवळ म्हंजे काय पिकनिक हाय व्हय रं? तिकडं गावात आपल्या माणसांची डोकी फुटत्यात, आन् तुमास्नी डुंबायचं सुचतंय!"

बैठक गप्प झाली. ठराव पुढं ढकलला. दोन-चार पोरं उगीच माना खाली घालून बसली, जणू चोरी करताना सापडली.

मित्रहो, तात्यांचा राग खोटा नाही. त्यांनी मार खाल्लाय, जेल पाहिलाय. पण माना खाली घालण्याचं कारण नाही. तलावाच्या काठावर बसून पाण्यात पाय सोडणं ही काही चैन नव्हे. ज्या देशात त्याच पाण्यासाठी आमची डोकी फुटली, तिथं तो आमचा हक्क आहे. बाबासाहेबांचंच आयुष्य बघा.

1917 साल. परदेशात शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाला. डोक्यात अर्थशास्त्र होतं, पण डोक्यावर छप्पर नव्हतं. पारशांच्या धर्मशाळेत जात लपवून राहिले. एक दिवस काठ्या घेतलेला जमाव दारात आला. चालता हो! मित्रांकडं विचारून पाहिलं, कुणी घरात घेतलं नाही. मग ते कमाटी बागेत जाऊन बसले. मुंबईची गाडी सुटेपर्यंत कित्येक तास तिथंच. बडोद्याचे लोक त्या बागेत हवा खायला येत असतील, पोरंबाळं खेळवत असतील. आमचा बाप मात्र तिथं बसून रडला. बाग तीच, झाडं तीच. एकाला विरंगुळा, दुसऱ्याला हाकलल्यावर टेकायची जागा. जात म्हणजे काय, हे याहून वेगळं काय सांगायचं?

नंतर महाड. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला, असं आपण शाळेत कधी वाचलं का? नाही. सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असं तो ठराव म्हणत होता. महाडच्या नगरपालिकेनंही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. कागद ओला झाला नाही, कारण तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. 20 मार्च 1927 ला ती छाती झाली. माणसं चालत गेली, ओंजळ भरली. मग काय झालं ते पोरापोराला पाठ आहे. मारहाण झाली. शेणामुताच्या, दह्यादुधाच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. जनावरानं तोंड घातलं तर चालत होतं, माणसाच्या ओंजळीनं तळं बाटलं!

आणि पुढं सवर्ण कोर्टात गेले. काय म्हणाले? तळं खाजगी आहे! हा शब्द लक्षात ठेवा, पुढं पुन्हा भेटणार आहे. 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं गेली.

तहानेसाठी होता का तो सत्याग्रह? 25 डिसेंबर 1927 ला बाबासाहेबांनी महाडमध्येच खुलासा केला होता: ते पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मेलो नव्हतो, आणि प्यायलो म्हणून अमर होणार नाही. आम्हीही माणसं आहोत एवढं सिद्ध करायला तळ्यावर जायचंय. म्हणजे प्रश्न घोटभर पाण्याचा नव्हता, काठावर बरोबरीनं उभं राहण्याचा होता. आणि ज्याला काठावर उभं राहण्याचा हक्क आहे, त्याला काठावर बसण्याचा, पाय सोडण्याचा, पाणी उडवण्याचाही हक्क आहे.

आता तात्यांसाठी खास. 1934 साली बाबासाहेब आणि चळवळीतले त्यांचे सहकारी, तीसेक माणसं, मिळून कुठं निघाले होते माहीत आहे? सहलीला! वेरूळची लेणी बघायला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्यानं काठोकाठ भरलेला छोटा हौद, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाची धूळ अंगावर. काहींनी तोंड धुतलं, पाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला: धेडांनी हौद बाटवला! बघता बघता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. निजामाचं राज्य, ओरडणारे मुसलमान. म्हणजे ही घाण एकाच धर्माच्या घरात राहत नाही, शेजारीही पसरते. बाबासाहेबांनी विचारलं, हेच का तुमचा धर्म शिकवतो? उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? उत्तर आलं नाही. शेवटी किल्ला बघू दिला, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला. कशाला? आत कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून.

तात्या, गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार झाला होता, काळाराम मंदिराचा लढा चालू होता. त्या धामधुमीतही त्या माणसांना लेणी बघायला जावंसं वाटलं. त्यांना 'ही काय वेळ आहे?' असं कुणी विचारलं नाही. मग आम्हालाच का विचारता?

पुढं घटना झाली. अनुच्छेद 15 वाचा. विहिरी आणि तलाव तर त्यात आहेतच, पण स्नानाचे घाट आहेत, करमणुकीच्या जागा आहेत, चार लोक जिथं येतात-जातात अशा सार्वजनिक जागा आहेत. घटना लिहिणाऱ्याला घाट आणि बाग सुचली, कारण तो बागेत रडला होता आणि हौदावर शिव्या खाऊन आला होता. 1955 च्या कायद्यानं, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, नदी, ओढा, तळं, घाट यांवर अडवणं हा गुन्हा ठरवला. 1989 ला अत्याचारविरोधी कायदा आला.

कायदे आले, पण काठी गेली नाही. 1972 साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित बायांना नागवं केलं. त्याच वर्षी पँथर जन्माला आली, ती अशाच आगीतून. 46 वर्षांनी, जून 2018 मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात वाकडी गावात मातंग पोरं विहिरीत पोहली. उन्हाळ्याचं ऊन, पोरांचं वय. उडी मारावीशी वाटली, मारली. त्यांना नागडं करून मारलं, आणि त्याचं चित्रण करून जगभर फिरवलं. का? विहीर खाजगी होती! बघा, भेटला ना तो शब्द? महाडला कोर्टात निघालेला शब्द वाकडीला विहिरीच्या काठावर निघाला. पोर विहिरीत पोहलं तर कान पिळून हाकलतात, कुणीही हाकलेल. पण कपडे उतरवून, चित्रण करून मारायला नुसती मालकी पुरत नाही, त्याला जात लागते.

आता पोहण्याचं अर्थशास्त्र बघू. गावात पोर पोहायला शिकतं कसं? पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून बाप त्याला विहिरीत ढकलतो. त्याला विहीर लागते. विहिरीला जमीन लागते. ज्याची जमीन त्याची विहीर, ज्याची विहीर त्याचं पोहणं. भूमिहीनाचं पोर शिकणार कुठं? 1972 च्या दुष्काळात पाझर तलावांच्या कामावर माती वाहणारे, खडी फोडणारे हात कुणाचे होते? भूमिहीनांचे. तळं राखील तो पाणी चाखील म्हणे! आम्ही गावाची शीव राखली, तळी खणली. चाखलं मात्र दुसऱ्यांनीच.

शहरात जात विचारत नाहीत, तिकीट विचारतात. भायखळ्याची राणीची बाग ही गिरणगावच्या पोरांची बाग. 2017 मध्ये तिथं मोठ्या माणसाचं तिकीट 5 रुपयांवरून 50 झालं. नवरा-बायको आणि दोन पोरं मिळून 100. आमच्या घरात आजीही असते, आत्याही असते, पोरं चार असतात. पेंग्विन गार हवेत बसलाय, आणि त्याला बघायला रोजंदारीवरची बाई पोरांची मुंडकी मोजतीय. पोहण्याच्या तलावाची वर्गणी, टोपी, पोशाख, हे तर विचारूच नका. मग आमची पोरं जातात कुठं? दगडखाणीत साचलेल्या पाण्यात. खाडीत. खोली माहीत नाही, बघायला कुणी नाही. एखादं वर येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी, आणि वर शहाणपण: आईबापांचं लक्ष नव्हतं. आईबाप कामावर होते, साहेब!

म्हणून पोहणं हा जिवाचाही प्रश्न आहे.

थोडं स्वतःकडंही बघू. आमच्यातल्या किती बापांनी पोरीला पाण्यात उतरू दिलंय? "लोक बघतील" म्हणताना आपल्या तोंडून कोण बोलतं, मनूच ना? आणि आपल्या वस्तीच्या नळावर मांगाच्या, मेहतराच्या बाईचा हंडा कधी मागं सरकवला नाही, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? चवदार तळ्याचं नाव घ्यायचं असेल तर आधी स्वतःच्या नळावर जाऊन या.

आमची माणसं प्रवासाला निघतात ती 6 डिसेंबरला नाहीतर दीक्षाभूमीला. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चैत्यभूमीच्या मागं. डोळे पुसायचे, मग वाळूत उतरून लाटेत पाय भिजवायचे आणि लेकरासारखं हसायचं. ते हसणं अभिवादनात कमीपणा आणत नाही. बाप ज्यासाठी झिजला, तेच ते हसणं आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक नगरपालिकेच्या तलावात वस्तीतल्या पोरांना फुकट वेळ, शिकवायला माणूस. मुलींसाठी वेगळी वेळ, बाई शिक्षिका. सार्वजनिक बागांना तिकीट नको. सरकारी पैशानं बांधलेल्या तलावाचा काठ कुणा रिसॉर्टवाल्याच्या कुंपणात जाता कामा नये. 'खाजगी आहे' म्हणणाऱ्याकडं कागद मागायचा. आडनाव विचारणाऱ्याला आधी त्याचं कायद्याचं ज्ञान विचारायचं.

ठराव परवाच्या बैठकीत पास झाला. तात्यांनी विरोध केला नाही. एवढंच म्हणाले, "मला पवता येत न्हाई. गावात हिरीकडं फिरकू दिलं न्हाई कुनी." मग आमच्यात कुणी काही बोललं नाही.

येत्या रविवारी सकाळी 7 वाजता शाखेपाशी जमा. भाकरी, चटणी, कांदा बांधून घ्या. पोरांना एक जास्तीचा कपडा घ्या. डबे आणि दोर आम्ही आणतो. पहिला डबा तात्यांच्या पाठीला बांधायचाय.

जय भीम!